सुकाणू माझ्या हाती

माझ्या हाती सुकाणू आयुष्यात एकदाच आलं. आलं म्हणजे अक्षरशः हातात आलं. चाक, चाकामागचा दांडा, दांड्यामागची लोखंडी डबी आणि त्या डबीला चिकटून आलेला ताटाएवढा फळीचा तुकडा, असा सगळा ऐवज माझ्या दोन हातांत होता आणि बोट मात्र तिच्या मनाला येईल तिकडे चालली होती.

आमच्या बँकेत दर तीन वर्षांनी कोणीतरी नवे साहेब 'बँकेचं सुकाणू हाती घेतात'. गृहपत्रिकेत तसा मथळा येतो, खाली हार घातलेला फोटो येतो. असे सहा-सात साहेब मी काउंटरमागून पाहिले. पण हाती घेतलेलं सुकाणू मागे कशावर बसवलंय, त्याला बोल्ट किती आहेत, हे त्यातल्या एकानंही वाकून पाहिल्याचं मला आठवत नाही. पूर्वी मला त्यात काही वावगं वाटत नसे. २४ डिसेंबर २०२३ या तारखेपासून वाटायला लागलं.

पण त्याआधी थोडं घरचं सांगितलं पाहिजे. मी नायगावचा. असं म्हटलं की लोक लगेच विचारतात, "म्हणजे वसईच्या अलीकडचं?" नाही हो, दादरचं. बी.डी.डी. चाळींचं. बी.डी.डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. इंग्रज सरकारच्या या खात्यानं १९२०च्या पुढच्या काही वर्षांत या चाळी उठवल्या. नायगावात अशा ४२. तळ अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. भिंती सिमेंट काँक्रीटच्या. त्या भिंतींत खिळा जात नाही. खिळा वाकतो, हातोडी उडते, ठोकणाऱ्याचा अंगठा सुजतो आणि भिंत इंग्रजी राज्याच्या तोऱ्यात तशीच उभी. सौ.नं लग्नात माहेराहून आणलेली तिच्या आजोबांची तसबीर पंधरा वर्षं कपाटावर भिंतीला टेकून बसली आहे. पाहुण्यांना वाटतं, आजोबा दमले आहेत.

या भिंतीपुढे आमच्या घराण्यात एकच माणूस टिकला. माझा मामा. नायगावातल्याच एका गिरणीत तो फिटर होता आणि आमच्याकडे राहायचा. १९८१ साली, म्हणजे मी वर्षाचा असताना, त्यानं खोलीत माळा घालायचं मनावर घेतलं. १६० चौरस फुटांत सहा माणसं, त्यात मी रात्री रडणारा. आडवं वाढायला जागा नव्हती, तेव्हा उभं वाढायचं. छिन्नी आणि हातोडी घेऊन त्यानं मधल्या भिंतीला चार आरपार भोकं पाडली. एका भोकाला एक रविवार. आई सांगते, चौथ्या रविवारी पलीकडच्या खोलीत छिन्नीचं टोक निघालं तेव्हा शेजारच्या काकू पोळ्या लाटत होत्या, त्या लाटणं घेऊनच आमच्या दारात आल्या. मामानं त्यांची समजूत घातली. बोल्ट आमच्या बाजूनं घातले, पलीकडे काकूंच्या भिंतीवर वीतभर रुंदीची लोखंडी पट्टी लावली आणि तिच्यावर नट आवळले. काकूंचं तोंड गोड करायला पट्टीच्या वरच्या टोकाला एक आकडाही काढून दिला. त्या आकड्याला काकूंचं कॅलेंडर लागलं. ते आजही तिथंच लागतं. वर्ष तेवढं बदलतं.

"खिळा आणि स्क्रू," मामा म्हणे, "ज्यात घुसतात त्याच्या जिवावर जगतात. बोल्ट पलीकडच्या पट्टीच्या जिवावर जगतो." हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की ते मला शाळेच्या प्रार्थनेतलं वाटे.

१८ जानेवारी १९८२ला संप झाला. गिरण्यांचा तो संप सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर मी पामरानं काय सांगावं? मामा वर्षभर थांबला. मग पान्यांची पेटी उचलून रेवदंड्याला, आपल्या गावी गेला. खाली उरला तो माळा. त्या माळ्यावर मी वाढलो, त्या माळ्यावर बी.कॉम. झालो, बँकेच्या परीक्षेचा अभ्यासही तिथंच केला. माझ्या शिक्षणाला भक्कम पाया नव्हता असं कोणी म्हणू नये. चार बोल्ट होते.

तर या मामानं २०१७ साली एक बोट घेतली. मासेमारीची होडी नव्हे. अलिबागकडच्या एका बंगलेवाल्यानं हौसेनं आणलेली आणि हौस फिटल्यावर माडाखाली पालथी टाकलेली जुनी फायबरची मोटारबोट. लांबी १६ फूट. पाठीला ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. पुढे मोटारीसारखा डॅशबोर्ड आणि त्याला चाक. शुद्ध बोलायचं तर या बोटीला सुकाणू नसतंच. चाक फिरवलं की डॅशबोर्डमागच्या डबीतली चकती फिरते, ती एक जाडजूड केबल पुढे-मागे ढकलते, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला आख्खं इंजिनच उजवी-डावीकडे मान वळवतं. पण 'इंजिनाची मान हाती घेतली' असं कुठल्या गृहपत्रिकेत छापून येत नाही, म्हणून मीही सुकाणूच म्हणतो.

डिसेंबरात मामीचा फोन आला. "तू बँकेत आहेस, तुझं ऐकतील. ती बोट विकायला लाव त्यांना. पंचाहत्तरी झाली, मोतीबिंदू काढलाय, गुडघे चालत नाहीत, आणि हे खाडीत जातात." माझ्याकडे सही जुळत नाही म्हणून चेक परत करण्यापलीकडे कुठलाही अधिकार नाही, हे मामीला माहीत नव्हतं. पण चौथा शनिवार, रविवार आणि सोमवारी नाताळ अशी तीन दिवसांची सुटी जुळून आली होती. अशी रजा बँकवाल्याच्या कुंडलीत क्वचित. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची बोट धरली. नाताळाची गर्दी इतकी की मांडव्याला उतरेपर्यंत मी कोणाच्या तरी बॅगेवर बसलो होतो आणि माझ्या बॅगेवर कोणीतरी.

रविवारी जेवणं झाल्यावर मी विषय काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात मामा म्हणाला, "चल, तुला चाक देतो."

आता सांगा, कोण नाही म्हणेल?

रेवदंड्याची खाडी म्हणजे कुंडलिका नदीचं मुख. समोर कोर्लईचा किल्ला समुद्रात मान घालून बसलेला. दत्तजयंती दोन दिवसांवर आलेली, म्हणजे पौर्णिमा जवळ, म्हणजे उधाणाच्या दिवसांतली ओहोटी. पाणी समुद्राकडे असं निघालं होतं जणू पाच वाजलेत आणि बँक सुटली आहे. मामीनं बळंच घालायला लावलेलं नारिंगी लाइफ जॅकेट घालून मी चाकामागे बसलो. जाताना छान गेलो. मुखाजवळ मामा म्हणाला, "आता वळव." मी चाक डावीकडे फिरवलं. फिरेना. "जड आहे," मी म्हटलं. "केबल जुनी झालीय, जरा जोर लाव," मामा म्हणाला.

मी जोर लावला. बँकेत जोर लावायची सवय नाही, म्हणून जरा जास्तच लावला असेल. करकर असा आवाज झाला, ओल्या पुठ्ठ्याचा यावा तसा, आणि वर सांगितलेला सगळा ऐवज माझ्या मांडीवर आला.

मोकळं सुटलेलं इंजिन सरळ राहत नाही. बोट गोल फिरायला लागली. मी चाक घट्ट धरून होतो आणि इमानानं फिरवतही होतो. मामानं झडप घालून इंजिन बंद केलं. मग जे सुरू झालं ते इंजिनापेक्षा भयंकर होतं: शांतता. आणि त्या शांततेत ओहोटी आम्हांला उचलून कोर्लईच्या टोकाकडे नेत होती. बोटीत वल्हं एक. मामाचे गुडघे दोन, दोन्ही निकामी. बँकेत जॉइंट खातं उघडताना आम्ही 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'च्या चौकोनात खूण करतो. इतकी वर्षं त्या शब्दांचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता.

मी वल्हं मारलं. डावीकडे मारलं की बोट उजवीकडे, उजवीकडे मारलं की डावीकडे, आणि दोन्ही वेळा समुद्राकडे. दहा मिनिटं झाली असतील, मला ती एका ऑडिटएवढी वाटली. मग एक मासेमारीची होडी दिसली. मी शिट्टी, हात, टोपी आणि शेवटी चाक हलवलं. होडी जवळ आली. तांडेलानं आधी मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या चाकाकडे.

"चाक कुठं नेताय?" त्यानं विचारलं.

दोर बांधून त्यानं आम्हांला बंदराला आणलं. वाटेत एकदाच मागे वळून बोलला. "आमच्या होडीला दांडा हाय इंजिनाला. तो हातातच असतो. हातात येनार कसा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामाकडे असायला हवं होतं, पण तो बोलला नाही. किनाऱ्याला लागलो तरी बोलला नाही. त्यानं माझ्या हातातून तो फळीचा तुकडा घेतला आणि अंगठ्यानं दाबला. फायबरच्या दोन पातळ पापुद्र्यांच्या मधलं प्लायवूड चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखं गळून पडलं. त्यात चार स्क्रू होते. लाकडाचे साधे स्क्रू, इंचभर लांबीचे. गंजून सुईएवढे झालेले.

"स्क्रू," मामा म्हणाला. बस, एवढंच.

रात्री जेवताना मला कळलं की दुसऱ्या दिवशी त्याचा नातू, माझ्या मामेबहिणीचा मुलगा, मुंबईहून यायचा होता. वय वर्षं नऊ. त्याला आजोबांनी बोटीचं चाक कबूल केलं होतं. मामानं ताटातला भात तसाच ठेवला. "सहा वर्षं मी ते चाक पुसतोय," तो म्हणाला. "पण आत वाकून बघितलं नाही. गुडघे वाकत नाहीत म्हणून बघितलं नाही. मी. फिटर."

मामी बोट विकायचं बोलली नाही. मीही बोललो नाही. वास्तविक ती बोलायची वेळ होती. पण समोरच्या माणसाची कॅश शॉर्ट आली असेल तर त्या संध्याकाळी त्याला आकडा विचारू नये, एवढं बँकेनं मला शिकवलंय. मी म्हटलं, "मामा, आत मी वाकतो. तुम्ही बाहेरून सांगा."

पुढची सुटी २६ जानेवारीची. तो शुक्रवार, २७ तारीख पुन्हा चौथा शनिवार, मग रविवार. या हिशेबात मी कधी चुकत नाही. मधल्या महिन्यात बोट छपरीखाली उघडी करून वाळायला ठेवली. ओल्या लाकडाला राळ धरत नाही, हे मामानं फोनवर मला तीनदा सांगितलं. आणि सामानाची यादी सांगितली. ती मी पे-इन-स्लिपच्या पाठीमागे उतरवून घेतली.

त्या यादीनं आमच्या घरात जो गोंधळ घातला तो वेगळाच. मी सौ.ला सांगितलं, "आज ऑफिसातून परस्पर दारुखान्यात जाऊन येतो." तिनं हातातला झारा खाली ठेवला. आता रे रोडचा दारुखाना म्हणजे जुन्या जहाजांच्या लोखंडाचा बाजार, आणि त्या नावातली दारू म्हणजे बंदुकीची, हे मी समजावून सांगितलं. "मग बंदुकीची कशाला हवी?" ती म्हणाली. शेवटी मी तिलाच बरोबर नेलं. तिथं स्टीलच्या पट्ट्या आहेत, बंदरातून निघालेल्या साखळ्या आहेत, बोटींची गोल काचेची खिडकी आहे. सौ.नं त्या खिडकीचा भाव विचारला. बाथरूमला बसवायची म्हणाली. आमच्या चाळीत बाथरूम सार्वजनिक आहे.

बोल्ट मात्र नागदेवी स्ट्रीटला. मशीद बंदरला उतरून पाच मिनिटं चाललं की ज्या ज्या वस्तूला आटे असतात ती प्रत्येक वस्तू तिथं आहे. यादीत लिहिलं होतं: 'तीनशे सोळाचे बोल्ट.' मला वाटलं, तीनशे सोळा नग. दुकानदारानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. ३१६ हा स्टेनलेस स्टीलचा प्रकार. घरातली भांडी ज्या जातीची असतात ते ३०४. ३१६मध्ये शिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत ते जास्त तग धरतं. मी खिशातून लोहचुंबक काढलं. दुकानदार म्हणाला, "ते ठेवा खिशात. चुंबक दोन्हींना सारखंच. फार तर साधं लोखंड ओळखेल." म्हणजे इथंही सही-शिक्क्यावरच विश्वास ठेवायचा. एक डझन पाव इंची बोल्ट, रुंद वायसर, आणि नायलॉक नट. या नटाच्या आत नायलॉनची एक कडी असते, ती बोल्टाला आवळून धरते, म्हणून इंजिनाच्या थरथरीनं नट सुटत नाही. पण एकदा लावून काढला की कडीची पकड गेली. पुन्हा तोच लावायचा नाही. लग्नासारखा प्रकार. हे मी सौ.ला सांगितलं नाही.

केबल नवी घेतली. तिच्यावर माझा दिवाळीतला बोनस जिरला. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

२६ तारखेला दुपारी मामा छपरीत खुर्ची टाकून बसला आणि मी डॅशबोर्डखाली शिरलो. पाठीवर आडवं, पाय बाहेर, डोकं आत, तोंडावर जुनी कोळिष्टकं. नळदुरुस्तीवाल्याबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला.

"हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा," मामा बाहेरून म्हणाला. "नारळ बघतोस तसं." चांगल्या जागी टक् असा कोरडा आवाज येई. कुजलेल्या जागी थप्. चाकाच्या भोकाभोवती थप्-थप् होतं ते मला अपेक्षितच होतं. पण थप् जात जात पार कोपऱ्यापर्यंत गेलं. स्क्रूच्या चार भोकांतून पाणी शिरलं होतं आणि ती भोकं कधी कोणी बुजवली नव्हती. पावसाळ्यामागून पावसाळे पाणी थेंब-थेंब जमा होत गेलं. बाहेरून फायबर चकचकीत, आतून शिल्लक शून्य. अशी खाती आमच्याकडेही असतात.

"आवाज चांगला येईल तिथपर्यंत काप," मामा म्हणाला. मी हळूहळू कापत होतो. तो म्हणाला, "अजून." मी म्हटलं, "मामा, डॅशबोर्ड राहणार नाही." "नको राहू दे. कुजक्याला धरून नवं लावलंस तर नवंही त्याच्याबरोबर येईल." शेवटी तिथं इतकं मोठं भगदाड झालं की त्यातून मला मामा दिसायला लागला. त्यानं मला खुर्चीवरून हात केला.

भगदाडाच्या मापाचं मरीन प्लाय कापलं. आयएस ७१० असा शिक्का असलेलं, पाण्यातच राहायला केलेलं. त्याच्या कडांना राळ पाजली. पाजली हा मामाचाच शब्द. प्लायच्या कापलेल्या कडा खरंच तहानलेल्यासारख्या राळ पितात. वर फायबरचं कापड, पुन्हा राळ. मग रात्रभर हात लावायचा नाही. मामा मात्र रात्री दोनदा बॅटरी घेऊन बघून आला. मामीनं मला कुशीवरून सांगितलं, "बघ, गुडघे दुखत नाहीत आता."

शनिवारी बोल्ट. इथं मला एक गोष्ट नव्यानं कळली. बोल्टाची भोकं बरोबर मापाची पाडायची नाहीत. आधी मोठी पाडायची, ती राळेनं गच्च भरायची, ती सुकली की त्या भरावातून बोल्टाच्या मापाची पाडायची. म्हणजे उद्या एखाद्या भोकातून पाणी शिरलंच तर ते राळेला भेटतं, लाकडाला नाही. हे ऐकून मी खरोखर थक्क झालो. आमच्या बँकेत इतका विचार कर्ज देताना होत नाही.

"डिसमिस दे," मामा म्हणाला.

माझ्या पोटात गोळा आला. बावीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द मी फक्त परिपत्रकात वाचलाय. कारागिरांच्या भाषेत डिसमिस म्हणजे स्क्रूड्रायव्हर, हे आठवायला मला दोन श्वास लागले.

मग खरं काम. डबी पुढून बसवली, बोल्ट पुढून घातले, मागे माझ्या नाकावर दारुखान्यातली तीन मिलिमीटरची स्टीलची पट्टी. आरपार बोल्ट एकट्यानं आवळता येत नाही. पुढे एकानं डोकं धरायचं, मागे दुसऱ्यानं नट फिरवायचा. नुसतं मागून फिरवत बसलं तर पुढे बोल्टही फिरत राहतो आणि दोघंही काम केल्याच्या समाधानात राहतात. पुढे मामाचा पाना, मागे माझा. तो म्हणे "धरलाय", मी म्हणे "फिरवतो". बेचाळीस वर्षांपूर्वी पलीकडच्या खोलीत काकूंच्या कॅलेंडराच्या जागेवर पाना धरून कोण उभं होतं, हे मी त्याला विचारलं. "तुझे वडील," तो म्हणाला. "तेही कॉमर्सचेच. उलटा फिरवत होते."

मीही एक चूक केलीच. पहिला नट उत्साहानं सटासट फिरवला आणि तो मध्येच असा रुतला की ना पुढे ना मागे. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आणि घाईनं फिरवलं की आटे एकमेकांना चिकटतात. बोल्ट कापावा लागला. मग प्रत्येक बोल्टाला आधी ग्रीसचं बोट, आणि फिरवणं सावकाश. आणि आवळायचंही किती? मी दात-ओठ खाऊन आवळायला लागलो तर मामा ओरडला, "फायबर चिरडेल! पट्टी बसली की थांब. नटाबाहेर दोन आटे दिसले की पुरे."

इंजिनाकडचं टोक त्यानं मला स्वतः दाखवलं. केबलच्या दांड्यापासून इंजिनापर्यंत एक छोटा जोड असतो. त्या जोडाच्या बोल्टावर नायलॉक नट हवा, तिथं साधा नट होता आणि तो सुटू नये म्हणून कोणीतरी तांब्याच्या तारेनं बांधून ठेवला होता. मामा त्या तारेकडे बराच वेळ बघत होता. एका टोकाला स्क्रू, दुसऱ्या टोकाला तार. या दोन टोकांच्या मधे तो सहा वर्षं खाडीत फिरला होता.

संध्याकाळी सगळं आवरलं आणि माझ्या हातात एक वायसर उरला.

वाचकहो, बँकेत कॅश कमी भरली तर खिशातून टाकता येते. जास्त भरली तर झोप जाते. कारण जास्त याचा अर्थ कोणाला तरी कमी. मी तो वायसर खिशात टाकणार होतो, पण तोंडावर काहीतरी दिसलं असावं. "काय उरलं?" मामानं विचारलं. मी मूठ उघडली. तो खुर्चीतून उठला. स्वतःचा स्वतः, हात न धरता.

"उघड सगळं."

बॅटरीच्या उजेडात मी पुन्हा आत शिरलो. एकेक बोल्ट, एकेक वायसर, मोठ्यानं मोजत. मामा बाहेरून टिकमार्क केल्यासारखा "हं" म्हणे. सगळे जागच्या जागी. इंजिनाकडचेही. नऊ वाजता मामी जेवायला हाक मारून गेली, दहाला पुन्हा. शेवटी मी नागदेवीचं बिल काढलं. बिलावर बारा. मग आठवलं, दुकानदारानं पुडी बांधताना वरती एक टाकला होता, 'हा राहू द्या, समुद्रात पडतो एखादा' असं म्हणून. बिल-पावती जुळली, तेरा वायसर हजर, कॅश टॅली. मामानं बिल दोनदा वाचलं, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यानं एकदा आणि न काढलेल्या डोळ्यानं एकदा. मग आम्ही जेवलो.

रविवारी भरती दुपारी होती. भरलेल्या खाडीत, बंदराच्या जवळजवळच, वल्ही दोन घेऊन, जॅकेटं घालून निघालो. चाक एका बोटानं फिरत होतं. मी मुद्दाम डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण फिरवून पाहिलं. डॅशबोर्ड ढिम्म. तोच तांडेल वाटेत भेटला. त्यानं होडी हळू केली, माझ्या हातांकडे पाहिलं, चाक बोटीलाच आहे याची खात्री करून घेतली आणि गेला. मामा शेजारी बसला होता. दर पाच मिनिटांनी तो डॅशबोर्डखाली हात घालून पट्टी चाचपत होता, आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तसा.

नातू होळीला येणार होता. मामीनं बोट विकण्याचा विषय मला निघताना पुन्हा काढायला सांगितला नाही. डबा मात्र दिला, सुकटीची चटणी घातलेला. मांडव्याच्या बोटीत माझ्याभोवती आपोआप जागा झाली.

रात्री घरी आलो. नायगावात सगळीकडे पुनर्विकासाच्या गोष्टी. ५०० चौरस फुटांचं घर, लिफ्ट, खोलीतच बाथरूम. सौ.ला तिथं ती गोल खिडकी बसवायची आहे. आज ना उद्या ही खोली रिकामी करावी लागणार, म्हणजे माळाही उतरवावा लागणार. मी शिडी लावून वर चढलो. कंदिलाएवढा दिवा नेला, बोल्टांची चार डोकी पुसली. एकाला सहज पाना लावून पाहिला. हलेल अशी कल्पना नव्हती. बोल्ट हलला नाहीच, पण भिंतीपलीकडे काहीतरी फडफडलं.

क्षणभर शांतता. मग पलीकडून काकूंनी भिंतीवर टकटक केली. लाटण्यानंच असणार.

"काय रे," त्यांचा आवाज आला, "आली का नोटीस?"